आठ जादा बॅटऱ्या

बोनकोडे गावच्या पंढरीशेठच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न शिवतेजने शूट केलं, आणि त्या लग्नाचा एकही धड फोटो जगात अस्तित्वात नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. वाचकाने उगाच आशा धरू नये. आता सांगून झालंय, तर यापुढे आपण ते घडलंच नाही असं धरून चालू. शिवतेजच्या घरीही तसंच धरून चालतात. घरात ‘लग्न’ हा शब्द निघाला की त्याची आई मुक्ताबाई कुकरची शिट्टी तपासायला जाते, गॅसवर कुकर नसला तरी.

तर, शिवतेज हा कोपरखैरण्याचा फोटोग्राफर. म्हणजे त्याच्या मते फोटोग्राफर. त्याचे वडील बाबासो यांच्या मते तो ‘सध्या घरीच असतो’. बाबासो मूळचे साताऱ्याकडचे. सगळी उमर त्यांनी मार्केटात माथाडी म्हणून गोण्या उचलण्यात घालवली, त्यामुळे ज्या कामात पाठ दुखत नाही ते काम असतं यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचा जुना जोडीदार मानसिंग द्रोणागिरीला एका गोदामात मुकादम आहे. कंटेनर येतात, कंटेनर जातात, कोणीतरी उभं राहून ते आले-गेले म्हणायचं. तसं उभं राहण्यासाठी मानसिंगने शिवतेजची जागा धरून ठेवली होती.

“भाविकाचं लगीन नीट झालं तर कर तुझं काय करायचं ते,” बाबासोंनी निकाल दिला होता. “न्हाय झालं तर गप द्रोणागिरीची बस धरायची. इशय संपला.”

पंढरीशेठ म्हणजे बोनकोड्यातली मोठी असामी. एकेकाळी भातशेती, आता चाळी आणि गाळे. त्यांच्या घरचं काम चांगलं झालं की अख्ख्या गावाच्या हळदी आणि लग्नं पदरात पडतात. त्यांनी शिवतेजपुढे अट एकच ठेवली.

“सेल जादा पायजेत. बाकी फोटू कसं काडायचं तं तुजा तू बग.”

या अटीमागे इतिहास होता. पंढरीशेठच्या थोरल्या मुलीच्या लग्नात आधीच्या फोटोग्राफरची बॅटरी अंतरपाट धरल्यावर संपली होती. त्यामुळे त्या अल्बममध्ये जावई घोड्यावरून उतरतो आणि पान उलटताच थेट श्रीखंड खातो. लग्न मधेच कुठेतरी गळलंय. जावई सासुरवाडीला आला की अल्बम मांडीवर घेतो आणि म्हणतो, “मामा, माजं लगीन लागलं का नक्की?” पंढरीशेठला हा विनोद आता सोसत नव्हता.

शिवतेजने बॅटऱ्या मागवल्या. आठ. त्याच्याकडे आधी एकच होती, कॅमेऱ्यात बसलेली. कॅमेरा जुना, त्यामुळे त्याच्या बॅटऱ्या वाशीच्या दुकानदाराने ओळखल्याच नाहीत. दिल्लीहून मागवाव्या लागल्या. दुसऱ्या कंपनीच्या बॅटरीचं तर नावच नको. ती म्हणजे शेजारणीच्या नवऱ्याचा शर्ट. बसत नाही, आणि बसलाच तर लोक विचारतात.

बॅटऱ्या आल्या त्या फार गोजिऱ्या होत्या. प्रत्येक बॅटरी वेगळ्या पारदर्शक डबीत, डबीला निळं झाकण, झाकणाला खटका. एका नजरेत कोणालाही आवडाव्यात अशा. पुढे जे झालं त्यात या देखणेपणाचा वाटा मोठा आहे. बॅटरी कुरूपच असावी, असं शिवतेजचं आता ठाम मत आहे.

पहिला अडथळा सोसायटीचा आला. पलीकडच्या इमारतीत कोणाची तरी विजेवरची स्कूटर चार्जिंगला लावलेली पेटली होती, तेव्हापासून सेक्रेटरी दिलीप यांनी बॅटरी या जातीविरुद्धच मोहीम उघडली होती. लिफ्टमध्ये त्यांनी सूचना चिकटवली होती की सोसायटीच्या आवारात व सदनिकेत ‘जादा बॅटरीचा साठा’ पूर्वपरवानगीशिवाय करू नये. शिवतेजने हे वाचलं आणि जगातले सगळे सुजाण नागरिक करतात तेच केलं. दुर्लक्ष. रोज एकेक बॅटरी तो मिक्सरच्या मागे लपवून चार्ज करायचा. मुक्ताबाई मिक्सर लावायच्या तेव्हा तिकडे लाल दिवा लुकलुकायचा. त्यांना वाटायचं, मिक्सरमध्ये नवीन काहीतरी आलंय.

आठही भरून झाल्या आणि लग्नाच्या आदल्या दिवशी दिलीपरावांनी शिवतेजला सोसायटीच्या ऑफिसात बोलावून घेतलं. चुगली कोणी केली ते कळलं नाही.

“बस,” दिलीपराव म्हणाले. “किती आहेत?”

“काका, कॅमेऱ्याच्या आहेत. एवढ्याश्या.”

“काडी केवढी असते? एवढीशीच ना? मग?”

“काका, मोबाइलमध्येपण बॅटरी असते. तुमच्या खिशात आहे.”

“ती जादा नाही. ती मूळ आहे.” दिलीपरावांनी खिसा मात्र जरा चाचपला. “हे बघ शिवतेज, पर्सनली माझी काही हरकत नाही. पण मला ना-हरकत द्यायची तर कमिटी बसायला पाहिजे. कमिटी बसायची तर कोरम पाहिजे. कोरम सध्या गावाला गेलाय.”

“लग्न उद्या आहे काका.”

“मग हमीपत्र दे, की आज संध्याकाळनंतर घरात एकही जादा बॅटरी राहणार नाही.”

शिवतेजने विचार केला. उद्या सकाळी बॅटऱ्या त्याच्याबरोबर लग्नाला जाणारच होत्या. एका रात्रीचा प्रश्न, बॅग मित्राकडे ठेवता येईल. त्याने सही केली. हमीपत्र द्यायचं आणि मग ते खरं करायच्या मागे लागायचं, हा सरळमार्गी माणसाचा क्रम. इथे क्रम उलटा झाला. शिवतेज घरी पोचेपर्यंत हमीपत्र खरं झालं होतं.

घरात त्या दिवशी हळदीकुंकू होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत या सोसायटीत रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू असतं आणि वाण काय दिलं यावर त्या घराची वर्षभराची पत ठरते. गाळणी, सोलणी, साबणदाणी यांचे दिवस गेले. गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरच्या स्मितावहिनींनी मोबाइलचं स्टँड वाटलं, तेव्हापासून मुक्ताबाईंना नीट झोप नव्हती. “आरं, काहीतरी नवीन आण बाबा यंदा. प्लास्टिकची डबी नगं,” त्यांनी शिवतेजला पंधरवडाभर आधी सांगून ठेवलं होतं. शिवतेज म्हणाला होता, “आणतो.” तो ‘आणतो’ म्हणाला तेव्हा मोबाइल बघत होता. मोबाइल बघत दिलेल्या शब्दाला कायद्यात काय किंमत आहे ते माहीत नाही, पण आईच्या लेखी तो शब्दच असतो.

त्यामुळे कपाटाच्या खालच्या कप्प्यात निळ्या झाकणाच्या आठ सारख्या डब्या दिसल्या तेव्हा मुक्ताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक बोलत नाही, पण करतो. आठच बायका येणार होत्या, तेवढाही हिशेब पोराने ठेवला होता!

शिवतेज दारात आला तर आई उरलेला तिळगूळ डब्यात भरत बसली होती आणि चेहऱ्यावर विजय होता.

“काय तोंडं झाली होती रं एकेकीची! स्मिताचं तर बघण्यासारखं. म्हणली, ‘काकू, हे काय?’ मी म्हणलं, मोबाइल चार्ज करायचं लहान यंत्र. पावरब्यांक. माझ्या शिवतेजनं आणलं.”

शिवतेज कपाटापाशी गेला. कप्पा उघडला, बंद केला, परत उघडला. माणूस असं का करतो ते कोणी सांगू शकलेलं नाही.

“आई,” तो म्हणाला, “त्या माझ्या बॅटऱ्या होत्या.”

मुक्ताबाईंचा हात तिळगुळातच थांबला. मग त्या म्हणाल्या ते वाक्य शिवतेजला आजही मधूनच ऐकू येतं. “आता दिलं की रं. कुंकू लावून दिलं.”

“मग परत मागून आण ना!”

“वाण? परत?” त्यांनी गालावर हात मारून घेतला. “सवाष्णींच्या हातातनं वाण वढून आणू? त्यापेक्षा मी हितनं उडी मारते.”

घर तळमजल्यावर आहे. पण भावना पोचली.

बाबासो बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न घेताच विचारलं, “आठ बॅटऱ्या न्हाय सांभाळता आल्या? आमी एका वेळी पाठीवर क्विंटल घ्यायचो. कवा कुणी हळदीकुंकवात वाटली न्हाय गोणी.”

मग शिवतेज स्वतःच निघाला. स्मितावहिनींनी दार उघडलं. त्यांची बॅटरी टेबलावर होती आणि तिच्याशेजारी चार्जिंगच्या वायरी पडल्या होत्या. “अरे शिवतेज, बरं झालं आलास. याची पिन कुठे लागते? ह्यांनी तासभर शोधली.” त्याने खरं काय ते सांगितलं. वहिनी म्हणाल्या, “तू म्हणतोस ते पटतं मला. पण तुला कशी देऊ? तू पुरुष. त्यात बिनलग्नाचा.”

समोरच्या संध्याकाकूंची बॅटरी फ्रीजमध्ये होती, कोथिंबिरीच्या डब्यावर. सेल गार राहिला की जास्त टिकतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. “काढू नको मात्र,” त्या म्हणाल्या, “आत्ताच ठेवलीय.”

शेवटी प्रकरण सुमित्राबाईंकडे गेलं. सुमित्राबाई महिला मंडळाच्या अध्यक्षा. देवाधर्माच्या बाबतीत सोसायटीत त्यांच्या वर अपील नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटले आणि कायदा सांगितला.

“मुक्ताला परत दिलं तर तिचा अपमान. तुला दिलं तर आमचं अशुभ. कचऱ्यात टाकलं तर लक्ष्मीचा कोप.”

“मग मी काय करू काकू?”

“आम्ही वापरायला देऊ. मालकी आमची, वापर तुझा. पर्समध्ये घेऊन येतो आम्ही उद्या लग्नाला. तुला लागेल तेव्हा माग, झालं की परत दे.” मग डोळे उघडून त्यांनी विचारलं, “जेवायला काय आहे?”

जगात मोठे फोटोग्राफर असतील. बॅटऱ्या वाहायला कोणाकडे आठ सवाष्णी होत्या का? शिवतेजने त्या रात्री स्वतःची अशी समजूत घातली आणि बऱ्यापैकी झोपला.

दुसऱ्या दिवशी बोनकोड्यात मांडवाच्या दारात दोन रिक्षा थांबल्या आणि आठ जणी उतरल्या. सगळ्यांना काठापदराच्या साड्या, सगळ्यांच्या खांद्याला पर्स. शिवतेजला त्या क्षणी त्या साक्षात अष्टलक्ष्मी वाटल्या. मग स्मितावहिनींना फुलांची भिंत दिसली.

“शिवतेज, एक घे ना माझा इथे. एकटीचा.”

ज्याच्या हाती ससा तो पारधी, आणि इथे ससा पर्समध्ये होता. नाही कसं म्हणणार? त्याने एक घेतला. मग प्रत्येकीचा एकटीचा. मग दोघी-दोघींचा, मग सगळ्यांचा, मग संध्याकाकूंचे डोळे मिटले म्हणून सगळ्यांचा पुन्हा. मग हात वर करून. मग सुमित्राबाई नुसत्या चालत येतायत आणि त्यांना फोटोचा पत्ताच नाही, असा. तो सात वेळा घ्यावा लागला, कारण त्यांना दर वेळी पत्ता लागत होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बॅटरीची खूण लाल झाली. शिवतेज मनात हसला. लाल होऊ दे. आठ भरलेल्या आहेत. इतका निश्चिंत फोटोग्राफर त्या गावाने पाहिला नसेल.

कॅमेरा बंद पडला तेव्हा नवरदेव वेशीपाशी आला होता आणि बँजोवाले अंगात आल्यासारखे वाजवत होते. शिवतेज धावत बायकांकडे गेला. त्या ओळीने बसून सरबत पीत होत्या.

“काकू, एक द्या.”

सुमित्राबाईंनी ग्लास खाली ठेवला.

“त्याचं असं झालं,” त्या म्हणाल्या. “नवरीची आई आली. म्हणाली, आठ सवाष्णी पाऊल लावून आल्यात, आमच्या भाविकाची ओटी भरा. तांदूळ, नारळ तिनंच दिला. पण आपल्या पदरचं काहीतरी नको घालायला? परक्या मांडवात रिकाम्या हातानं ओटी भरायची का?”

“काकू.”

“सोसायटीचं नाव गेलं असतं रे.”

“काकू, आठही?”

“एकीनं घातली की सगळ्यांनी घालावी लागते,” स्मितावहिनी म्हणाल्या. “नाहीतर वाईट दिसतं.”

त्याने चार्जर बाहेर काढला. मांडवातले सगळे प्लग बँजोवाल्यांच्या ताब्यात होते. त्यांच्यातला एक म्हणाला, “भाऊ, हा काढला तर बँजो बंद, बँजो बंद तर नवरा जागचा हलनार नाय.” शिवाय बॅटरी भरायला दोन तास, आणि मुहूर्त दारात.

तो पंढरीशेठकडे गेला. फेटा बांधलेले पंढरीशेठ पाहुण्यांना नमस्कार करत होते. शिवतेजने त्यांच्या कानात सांगितलं. ते नमस्काराच्याच पवित्र्यात गोठले.

“ओटीला हात लावनार? पोरीचे ओटीला?” ते दबक्या आवाजात म्हणाले. “आमचे घरची रीत हाय. ओटी सासरचे उंबऱ्यावर सुटते. त्याचे आदी सोडली तं माजी आय वरून खाली येल.”

“शेठ, फक्त एक...”

“आनि मी तुला सांगितलं व्हतं का नाय, सेल जादा आन? पयल्याच दिवशी?” त्यांनी शिवतेजकडे रोखून पाहिलं. “कॅमेऱ्यामंदी एक तरी हाय ना?”

माणसाच्या आयुष्यात खरं बोलायची एक वेळ येते. शिवतेजच्या डोळ्यांपुढे द्रोणागिरीची बस आली. तिची खिडकीसुद्धा दिसली, आणि खिडकीत बसलेला तो स्वतः.

“हो, आहे,” तो म्हणाला.

भाविका मामाच्या आधाराने पाटावर येऊन उभी राहिली. पदर कमरेला खोचलेला, आणि खोचलेल्या पदरात नारळ, तांदूळ, खण आणि आठ भरलेल्या बॅटऱ्या. शालूच्या जरीतून निळ्या झाकणांची टोकं दिसत होती. शिवतेजपासून तीन हातांवर. बॅटरी कॅमेऱ्याच्या आत असायला हवी आणि बाहेरचं दृश्य समोर. इथे बॅटरीच दृश्यात होती.

पलीकडे भटजी नवरदेवाकडे बघत होते तेवढ्यात भाविका ओठ न हलवता पुटपुटली, “दादा, घ्या ना काढून. टोचतायत मना.”

शिवतेजचा हात एवढासा पुढे गेला. नवरीच्या आत्याने तो असा झटकला की आवाज पहिल्या रांगेपर्यंत गेला. “काय रे? कुटं हात घालतंस?”

मग मंगलाष्टकं सुरू झाली आणि शिवतेजने जे केलं ते त्यालाच जमण्यासारखं होतं. त्याने मेलेला कॅमेरा डोळ्याला लावला आणि लग्न शूट करायला सुरुवात केली. गुडघ्यावर बसला. उठला. पाहुण्यांना “जरा बाजूला” म्हणाला. अंतरपाट दूर झाला तेव्हा दोघांची नजरानजर झाली, ती त्याने अशा कोनातून टिपली की टिपली असती तर कोणीही घराच्या भिंतीवर लावली असती. हार घालताना नवरदेवाचा हात थरथरला, भाविकाला हसू फुटलं, आणि पंढरीशेठ खांबाआड जाऊन फेट्याच्या टोकाने डोळे पुसत होते, हेसुद्धा त्याच्या नजरेतून सुटलं नाही. त्या दुपारी शिवतेजने आयुष्यातली सगळ्यात चांगली फोटोग्राफी केली. बटण दाबताना तो तोंडाने हळूच ‘खटक’ असा आवाज काढत होता. शेवटी शेवटी तर तो रडत होता, आणि लोकांना वाटलं, पोरगा किती मनापासून काम करतो. पंढरीशेठनी त्याला सगळ्यांदेखत मिठी मारली. बाबासोसुद्धा जेवायला आले होते. त्यांनी पोराच्या पानात स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली. असं त्यांनी यापूर्वी कधी केलेलं नव्हतं.

ती जिलेबी शिवतेजने पानातच ठेवली.

काही दिवसांनी पंढरीशेठचा फोन आला. “फोटू कवा?” शिवतेज म्हणाला, “कॉम्प्युटरवर फोटोंचे रंग करतोय शेठ.” पुन्हा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, “अजून रंग करतोय.” तिसऱ्यांदा पंढरीशेठ स्वतःच दारात उभे राहिले आणि रंग संपला. शिवतेजने सांगितलं तेव्हा ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. सोफ्यावर बसले, पाणी मागितलं, प्याले आणि म्हणाले, “आता दुसरा जावयपन इचारेल.”

मोबाइलवरचे फोटो आहेत, हे कोणीतरी सुचवलं. आहेत ना. गावातल्या प्रत्येक मोबाइलवर आहेत. प्रत्येक फोटोत नवरा-नवरीच्या बरोबर मध्ये, कॅमेरा डोळ्याला लावून, गुडघ्यावर बसलेला शिवतेज आहे. त्याच्या आडून कुठे शेला दिसतो, कुठे मुंडावळ्यांचं टोक. शिवतेजच्या कॅमेऱ्याच्या कार्डात निघालेल्या फोटोंत मात्र सगळं स्पष्ट आहे. आठ बायका आणि फुलांची भिंत. पैकी सुमित्राबाईंना पत्ता नसलेला एक खरंच चांगला आलाय.

बॅटऱ्या खारघरला भाविकाच्या सासरी आहेत. नारळाची वडी झाली, तांदळाची खीर झाली, आणि माहेरच्या ओटीतलं म्हणून बॅटऱ्या सासूबाईंनी स्टीलच्या डब्यात घालून कपाटात ठेवल्या. परत मागण्याबद्दल सुमित्राबाईंचा सल्ला घेतला. त्यांनी डोळे मिटले, ते शिवतेज उठून जाईपर्यंत उघडलेच नाहीत.

बाबासोंनी फक्त सोमवारची बस कुठून सुटते ते विचारून ठेवलं आणि मुक्ताबाईंना डबा काढायला सांगितला. रविवारी दुपारी शिवतेज टेबलाशी बसला आणि दोन्ही घरांना पाठवण्यासाठी त्याने अर्ज लिहून काढला:

‘विषय: संपन्न झालेला विवाह पुनश्च एकवार लावून मिळणेबाबत.

महोदय, अर्जदाराने उपरोक्त विवाह सर्व बाजूंनी व्यवस्थित पाहिला असून त्याबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. तथापि तांत्रिक कारणास्तव सदर विवाहाची नोंद केवळ अर्जदाराच्या डोळ्यांत राहिली आहे. सबब, उभय वधूवरांनी त्याच वस्त्रांत, त्याच वऱ्हाडासह, त्याच वेळेच्या उन्हात उपस्थित राहून विवाह पुन्हा लावून घ्यावा. नवरदेवाने हार घालताना हात पूर्वीइतकाच थरथरवावा, वधूने त्याच ठिकाणी हसावे, आणि वधूपित्याने खांबाआड न जाता खांबाच्या अलीकडे उभे राहून रडावे, ही नम्र विनंती.’